सुटकेच्या आधीची वही

तुरुंगात माणसाभोवती कागद फार. आत पाऊल पडताच त्याच्या नावाचे वॉरंट दप्तरी लागते, अंगावरच्या खुणा टिपल्या जातात, क्रमांक मिळतो. पुढे किती दिवस शिक्षा भोगली, किती दिवसांची माफी जमली, कोणत्या विभागात काम केले, केव्हा शिस्त मोडली, रजेवरून वेळेवर परतला की नाही, हे सारे कोणी ना कोणी लिहीत असते. बंदिवान जुना होत जातो तसतशी त्याची फाईल जाड होत जाते. परंतु ज्याच्याविषयी हे सारे लिहिले जाते, त्याच्या हातचे त्यात जवळजवळ काहीच नसते. असलाच तर एखाद्या अर्जाखाली अंगठा, नाही तर सही.

गेली बारा-तेरा वर्षे मी नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात रीतसर परवानगी घेऊन जात आहे. सोबत एक धर्मभगिनी आणि आमच्या धर्मग्रामातील दोघे प्रापंचिक असतात. आपल्या ख्रिस्तसभेत या कार्याला आता चांगले वळण लागले आहे. ऑगस्ट महिन्यातील दुसरा रविवार देशभर बंदिवानांसाठी पाळला जातो, आणि ऑशविट्झच्या छळछावणीत १९४१ साली दुसऱ्याच्या जागी मरण पत्करणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे हे या सेवेचे आश्रयदाते मानले जातात. तरीही मिस्सानंतर अंगणात उभे असताना कोणीतरी हमखास विचारते, "फादर, तुम्ही तिथे जाऊन नेमके करता तरी काय?" मी म्हणतो, बसतो. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील शेवटच्या न्यायाच्या प्रसंगात प्रभू बंदिवानाच्या बाबतीत भेटीला जाण्यापलीकडे काही मागत नाही. आजाऱ्याची सुश्रूषा, भुकेल्याला अन्न. बंदिवानाला मात्र नुसती भेट. तेवढेही किती कठीण असते हे गेल्यावर कळते.

बसता बसता जे पाहिले, त्यातील एका वहीविषयी आज लिहावयाचे आहे. वहीच्या मालकाची त्याला संमती आहे. त्याचे गाव आणि नाव येथे येणार नाही.

आधी कायद्याची बाजू सांगणे भाग आहे, कारण तिच्याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे आपण सर्रास बोलतो. जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य. १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम घालण्यात आले. ज्या गुन्ह्याला मृत्युदंडही होऊ शकला असता, अशा गुन्ह्यात जन्मठेप भोगणाऱ्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज शासनाने शिक्षा कमी करून सोडू नये, एवढाच त्याचा आशय. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. हा नियम तिच्यातही आहे. चौदा वर्षांनंतर सुटका मिळते असे नव्हे, तिचा विचार होऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने गुन्ह्याच्या स्वरूपानुसार तो विचार किती वर्षांनी व्हावा याची वर्गवारी १९९२ साली आणि पुन्हा २०१० साली ठरवून दिली. कारागृहाचा, पोलिसांचा, जिल्हा प्रशासनाचा, न्यायालयाचा अभिप्राय मागवला जातो, आणि मग मंत्रालयात निर्णय होतो.

त्या निर्णयात काय पाहावे, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मण नस्कर खटल्यात २००० साली काही प्रश्न सांगितले. गुन्हा व्यक्तिगत स्वरूपाचा होता की समाजालाच धक्का देणारा. तो पुन्हा घडण्याचा संभव आहे काय. गुन्हा करण्याची शक्ती या माणसात उरली आहे काय. त्याला आणखी कोंडून काही साधणार आहे काय. त्याच्या कुटुंबाची आर्थिक-सामाजिक अवस्था कशी आहे. प्रश्न योग्यच आहेत. पण मधल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणी आणि कशावरून द्यावीत? अधिकारी बिचारे नोंदवही पाहतात. भांडण नाही, मारामारी नाही, रजेवरून वेळेवर परत, शेरा चांगला. परंतु बांधावरून ज्याने कुऱ्हाड उचलली तो आत शांत राहिला, यात नवल ते काय? आत बांध नसतो, सामाईक विहीर नसते, भाऊबंद नसतात. माणूस बदलला की नुसता मोकळ्या जागेअभावी निवला, हे त्या शेऱ्यावरून कळत नाही. खरे सांगायचे तर ते त्याचे त्यालाही कळत नाही.

येथे मला सेमिनरीतील दिवसांचा उपयोग झाला. संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात आत्मपरीक्षणाची एक अगदी साधी रीत दिली आहे. आपला एकच दोष निवडायचा. आठवड्याच्या सात दिवसांसाठी कागदावर रेघा आखायच्या. दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, थांबून आठवायचे आणि जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. मग आजची रेघ कालच्या रेघेशी आणि हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहायचा. आमचे एक वृद्ध आध्यात्मिक मार्गदर्शक या रीतीला 'किराणा दुकानाची खतावणी' म्हणत, आणि स्वतः मात्र ती चाळीस वर्षे न चुकता लिहीत होते. तिच्यात देवाचे नाव फारसे लिहावे लागत नाही. म्हणून ती कोणत्याही धर्माच्या माणसाला चालते.

२०१३ साली आम्ही सहा जणांना शंभर पानी वह्या दिल्या आणि ही रीत समजावून सांगितली. त्यांतील दोघांनी महिन्याभरात ती सोडली. एकाने वहीत कविता लिहिल्या, पैकी दोन-तीन बऱ्या होत्या. एकाने आपल्या उसनवारीचा हिशेब ठेवला. तोही एका अर्थी आत्मपरीक्षणच म्हणायचे! एकाची दुसऱ्या कारागृहात बदली झाली. राहिला एक.

तो शेतकरी. वय तेव्हा पस्तिशीचे. शिक्षण सातवीपर्यंत. २००६ साली बांधाच्या वादातून त्याने आपल्या थोरल्या चुलतभावाला कुऱ्हाडीने मारले होते. मृताच्या मागे पत्नी आणि चार वर्षांचा मुलगा. दोष कोणता निवडणार, असे विचारल्यावर तो म्हणाला, "राग. दुसरं काय हाय आमच्याकडं?"

पहिल्या वहीत नुसते ठिपके आहेत, आणि क्वचित एखादे वाक्य. नळावर नंबरावरून बोलाचाली. कोणीतरी सतरंजी ओढली. भेटीला येतो म्हणालेला भाचा आला नाही. पहिल्या आठवड्यात सोमवारच्या एका रेघेवर अकरा ठिपके आहेत, आणि पुढच्या आठवड्यात एकदम एकही नाही. तिसऱ्या आठवड्याच्या कडेला त्याने लिहिले आहे: 'मागला आठवडा खोटा.' हे वाक्य वाचले तेव्हा मला प्रथम वाटले की या वहीतून काही निष्पन्न होईल. तोवर तो आम्हाला दाखवण्यासाठी लिहीत होता.

लिहिणाऱ्या बंदिवानापुढे हा मोह सतत उभा असतो. आपल्या सुधारणेचा पुरावा तयार करायचा, तो फाईलला लावायचा, आणि वाचणाऱ्याला काय आवडेल ते लिहायचे. दुसऱ्या वर्षी त्याने मला विचारलेच, "फादर, ही वही साहेबांकडे दिली तर माझ्या कामाला येईल का?" मी म्हणालो, देऊ नका. ज्या दिवशी ही वही साहेबांसाठी होईल, त्या दिवशी तिच्यातले ठिपके कमी होतील आणि तुमचा राग आहे तेवढाच राहील. फाईलसाठी कागद वेगळे जमवा. आणि ते त्याने जमवलेही. सुतारकामाच्या विभागात त्याने कसब मिळवले होते; त्याचे प्रमाणपत्र घेतले. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या कारागृहातील केंद्रातून पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि पुढे पदवीचे पहिले वर्षही. बँकेचे पासबुक, आधार कार्ड, शिधापत्रिकेवरचे नाव, यांची खटपट त्याने सुटकेच्या दोन वर्षे आधीपासून केली. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण सुटलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात उपदेशापेक्षा या कागदांची अधिक गरज पडते. ज्याच्यापाशी राहण्याचा पत्ता नाही त्याला कोणी खोली देत नाही, आणि खोली नाही म्हणून पत्ता नाही. आपल्या सेवाभावी मंडळींनी फळे वाटण्याबरोबर अशा चार अर्जांचे काम अंगावर घेतले तर ते अधिक मोलाचे ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुरुंग आणि लेखन म्हटले की आपल्याला थोरांची आठवण होते. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगातच, अवघ्या पाच दिवसांत लिहिली. व्हिएतनामचे कार्डिनल व्हॅन थुआन १९७५ पासून तेरा वर्षे बंदिवासात होते, त्यांतील नऊ वर्षे एकांतवासात. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी आपल्या श्रद्धावंतांसाठी लिहिलेले विचार एका लहान मुलाच्या हातून बाहेर गेले आणि पुढे जगभर वाचले गेले. ही उदाहरणे मी प्रवचनात देतो. कारागृहात मात्र देत नाही. ती माणसे अन्याय सोसत होती. त्यांच्या लेखनात जे तेज आहे ते निर्दोष मनाचे आहे. ज्याच्या हाताला भावाचे रक्त लागले आहे, त्याने लेखणी उचलली की प्रथम तेज येत नाही. प्रथम सबबी येतात.

आणि सबबी शब्दांत लपतात. पहिल्या दोन वह्यांत मेलेल्या भावाचा उल्लेख जेथे जेथे आला आहे, तेथे 'मयत' हा शब्द आहे. 'मयताची बायको', 'मयताचा मुलगा', 'मयताने आधी शिवी दिली'. हा पंचनाम्यातला शब्द. खटला चालला तेव्हा तो त्याने शेकडो वेळा ऐकला असेल; तोच त्याने उचलला, कारण त्या शब्दाला चेहरा नाही. आणि घटनेचे वर्णन? 'माझ्या हातून झाले.' आपली मराठी भाषा या बाबतीत फार उदार आहे. हातून पेला पडतो, हातून चूक होते, हातून माणूस जातो. करणारा बाजूला उभा राहून आपल्याच हाताकडे पाहत असतो. पापनिवेदनाला बसणारा प्रत्येक धर्मगुरू हे व्याकरण ओळखतो.

तिसऱ्या वहीत, २०१६ च्या जूनमधील एका दिवशी ठिपका नाही. तेथे लिहिले आहे: 'आज मोठा पाऊस झाला. दादा असता तर पेरणीला निघाला असता.'

तेथून पुढे 'मयत' हा शब्द नाही. मी तिन्ही वह्या चाळून पाहिल्या. तो पुन्हा आलेला नाही. चार-पाच पानांनी 'वहिनी' हा शब्द येतो. आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत, एका ओळीत, कोणत्याही प्रस्तावनेशिवाय: 'मी दादाला मारले.' हे तीन शब्द लिहायला त्याला दहा वर्षे लागली. यानंतर काही आठवडे ठिपके वाढले आहेत, कमी झालेले नाहीत. शांती लगेच मिळते असे ज्यांना वाटते त्यांनी ती पाने पाहावीत.

शासकीय फाईलीत या बदलाला रकाना नाही. असावा असेही मी म्हणणार नाही, कारण रकाना आला की तो भरण्याची कला येते.

अशा वेळी मला संत पौलाचे फिलेमोनला लिहिलेले छोटेसे पत्र आठवते. पौल स्वतः बंदिवासात. अनेसिम हा दास आपल्या धन्यापासून दुरावलेला. त्याला पौल माघारी पाठवतो, परंतु रिकाम्या हाताने नव्हे, पत्र देऊन. त्याने काही बुडवले असेल तर ते माझ्या खाती मांड, असे पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो. सुटणाऱ्या माणसाच्या हाती काय असावे, याचे हे मला ठाऊक असलेले सर्वांत जुने उदाहरण. पण फिलेमोनने पुढे काय केले हे नव्या करारात कोठेही सांगितलेले नाही.

आपल्या काळातील एक उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे. मध्य प्रदेशात उदयनगरजवळ २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया यांची हत्या करणारा समुंदरसिंग. २००२ साली सिस्टरांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला, आणि २००६ साली तो मुदतीपूर्वी सुटला. २०१७ साली इंदूरला सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. ही कथा सुंदर आहे आणि खरी आहे. पण ती आपण फार लवकर सांगतो असे मला वाटू लागले आहे. एका घराने दिलेले दान आपण दुसऱ्या घराकडून कर म्हणून वसूल करू पाहतो. ज्या विधवेने एकटीने शेत राखले, मुलाला वाढवले, तिच्यासमोर ती राखी नाचवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आमच्या या शेतकऱ्याला ते माझ्याआधी कळले होते. पाचव्या वहीत त्याने स्वतःसाठी काही नियम लिहिले आहेत. वहिनीसमोर आपण होऊन जायचे नाही. बाजारात गाठ पडली तर रस्ता बदलायचा; पाया पडून तमाशा करायचा नाही. मुलाला काही सांगायला जायचे नाही. कोणी माफ केले का, असे कोणाला विचारायचे नाही. आणि शेवटी: 'बांध त्यांचा.'

हे शेवटचे त्याने शब्दांवर ठेवले नाही. वादातील तो पट्टा सातबाऱ्यावर अजून सामाईक होता. २०१९ साली तो संचित रजेवर बहिणीच्या गावी आला असताना त्याने वकिलाकडून हक्कसोडपत्र करवून घेतले आणि निबंधक कार्यालयात जाऊन आपली सही केली. जक्कयाने चौपट परत केले होते. याच्यापाशी तेवढेच होते. कागदाची प्रत त्या घरी पोहोचवण्याचे काम माझ्याकडे आले. वहिनींनी मला ओसरीवर बसवले, पाणी दिले, कागद मुलाकडून वाचून घेतला. मग म्हणाल्या, "बाबा, बांध ऱ्हाऊ द्या. पर त्यांनी हिकडं येऊ नये." मी तो निरोप जसाच्या तसा कारागृहात नेला. त्याने त्या तारखेखाली तो लिहून ठेवला आहे. पुढे त्याचा स्वतःचा एकही शब्द नाही.

करोनाच्या काळात आमच्या भेटी बंद होत्या. पुन्हा जाऊ लागलो तेव्हा सहावी वही संपत आली होती.

२०२३ साली, सतरा वर्षांनी, तो सुटला. गावी गेला नाही. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा लाकडी सामानाचा कारखाना आहे. त्यांनी त्याला काम दिले आणि मागच्या खोलीत राहू दिले. हे सहज झाले असे समजू नये. दोन घरांनी माझ्याकडे येऊन तक्रार केली की शेजारी मुलीबाळी आहेत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही चौकशी केली असती. कारखान्याच्या मालकीणबाईंनी मात्र मला एकच प्रश्न विचारला, "फादर, कामाला वेळेवर येतो का?" येतो, असे मी म्हणालो. सतरा वर्षे घंटेवर उठलेला माणूस वेळेवर येणार नाही तर काय!

बाहेर ठिपके वाढले. हे त्यानेच मला सांगितले, हसत हसत. आत सारे दुसरे कोणीतरी ठरवत असे. बाहेर मोबाईल, भाव करणारा रिक्षावाला, उसने मागून न देणारा सोबती, आणि पूर्वी काय करत होतात असे विचारणारा प्रत्येक नवा माणूस. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तो सातव्या वहीत अनेक तऱ्हांनी लिहून पाहतो. हल्ली तो 'तुरुंगात होतो' असे सरळ सांगतो. कोणी पुढे विचारलेच तर तेही सांगतो, त्याच तीन शब्दांत.

पहिल्या सहा वह्या त्याने माझ्याकडे ठेवायला दिल्या. कार्यालयातील कपाटात, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांच्या खालच्या खणात त्या आहेत. पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत त्याने लिहून सही केली आहे की, दादाच्या घरचे कोणी मागितले तर द्याव्यात. बाकी कोणाला फादरांनी विचारून.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस एक तरुण मोटारसायकलवरून धर्मगुरुनिवासात आला. बावीस-तेवीस वर्षांचा. सहा वर्षांपूर्वी त्या ओसरीवर कागद वाचून दाखवणारा मुलगा मी ओळखला. आईला सांगून आला आहेस का, असे मी विचारले नाही. तो म्हणाला, "त्यांनी काही लिहून ठेवलंय म्हणतात." मी कपाट उघडले. व्हरांड्यातील बाकावर तो दोन तास बसून वाचत होता. मध्ये एकदा चहा पाठवला, तो तसाच निवला. पाच वाजता आतल्या घंटेचा आवाज झाला तेव्हा तो उठला, पाच वह्या टेबलावर नीट रचून ठेवल्या आणि तिसरी हातात धरून म्हणाला, "ही नेऊ का?"

न्या, म्हणालो. ती अजून परत आलेली नाही, आणि मी मागितलेली नाही. वहीच्या मालकाला सांगितले तेव्हा तो रंधा मारत होता. थांबला, मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला.